‘नंबर लागला’ म्हणण्याआधी

मी एक मोबाइल बोलतोय. माझ्यातून बोलणारी माणसं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. आज मधे कोणी नाही आणि पलीकडेही कोणी नाही, मीच बोलतोय. आवाज जरा खरखरेल, कारण माझ्या स्पीकरमध्ये हळद गेली आहे. चार्जिंगही फार टिकत नाही, तेव्हा फाटे न फोडता सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. त्याचं नाव माझ्या पाठीवर छापलेलं होतं, ते केव्हाच पुसलं गेलं. मला पहिली आठवण आहे ती हिंगोलीतल्या हैदरच्या दुकानाची. हैदर मोबाइल विकतो आणि दुरुस्तही करतो. त्यानं खोक्यातून मला बाहेर काढलं, बटण दाबलं आणि माझ्या तोंडावर उजेड आला. समोर एक मिशीवाले गृहस्थ उभे होते. प्रेमसिंग त्यांचं नाव. गोरेगावहून सेनगाव आणि हिंगोलीला त्यांची जीप चालायची. ते माझे पहिले मालक.

प्रेमसिंगांनी मला जीपच्या पुढच्या काचेपाशी जागा दिली. तिथून जग छान दिसायचं. पण त्या रस्त्याची काय तारीफ करावी. एका खड्ड्यात जीप उडाली, मीही उडालो आणि गिअरच्या दांड्यावर आपटलो. उजव्या कोपऱ्यापासून पार मधोमध मला तडा गेला. प्रेमसिंगांनी मला हैदरकडे दुरुस्तीला टाकलं आणि जाता जाता कपाटातला नवा मोबाइल पसंत केला. मला न्यायला ते काही परत आले नाहीत. माझा त्यांच्यावर राग नाही. नवं हातात आलं की जुन्याचा विसर पडायचाच, माणसांचं ते चालायचंच.

मग मी ड्रॉवरमध्ये पडलो. आजूबाजूला सगळे माझ्यासारखेच. कोणाची बॅटरी काढलेली, कोणाची पाठ उघडी. अंधारात पडून पडून मला वाटायला लागलं की संपला आपला कारभार.

एके दिवशी हैदरचा धाकटा भाऊ मुबश्शीर जिना उतरून दुकानात आला. पुण्यातल्या एका कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करून तो गावी परतला होता आणि दुकानाच्या वरच्या खोलीत त्यानं स्वतःचं ऑफिस मांडलं होतं.

“भाई, तुझ्याकडचा सगळ्यात मरतुकडा मोबाइल दे,” तो म्हणाला.

हैदरनं दोन चांगले मोबाइल पुढे केले. “मरतुकडा कशाला? घरचा माणूस तू.”

“चांगला नको. गरम होणारा, अडकणारा, ज्याच्यावर काही म्हणून चालत नाही असा पाहिजे. त्याच्यावर आमचं काम चाललं तर कुठंबी चालेल.”

हैदर हसला. त्यानं ड्रॉवर उघडला आणि त्याचा हात सरळ माझ्यावर पडला. एवढ्यांतून माझी निवड झाली ती अशी. मान खाली घालावी की वर करावी, तेच मला कळेना.

वरच्या खोलीत तीन माणसं काम करत. मुबश्शीर, कळमनुरीचा बालाजी आणि गोरेगावहून रोज जीपनं येणारी पुनम. तिघं दिवसभर काँप्युटरसमोर बसून अक्षरं बडवत. मी आजवर खालच्या दुकानात माणसांना काम करताना पाहिलं होतं. तिथं स्क्रू असतात, चिमटा असतो, तापलेली सोल्डरिंग असते. काम म्हणजे हातात धरता येणारी वस्तू, अशी माझी समजूत. इथं धरायला काहीच नव्हतं. पुनमनं एक ओळ लिहिली, एक कळ दाबली, आणि माझ्या काचेवर एक हिरवं बटण उमटलं. तिनं ओळीतला एक शब्द बदलला तर बटण पिवळं झालं. मी नुसता पाहत राहिलो. नुसत्या अक्षरांनी वस्तू घडते, हे मी ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी माझा तडासुद्धा मी विसरलो.

पण पहिल्या अक्षरापासून सगळं आपणच लिहीत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून जगातल्या हुशार माणसांनी तयार चौकटी करून ठेवल्या आहेत. बटण कसं उमटावं, बोट लागल्यावर काय बदलावं, यादी कशी सरकावी, ते सगळं चौकटीला आधीच येत असतं. आपण फक्त आपलं काम त्यात बसवायचं. ही मंडळी त्याला फ्रेमवर्क म्हणतात. कुठल्या देशातल्या कोणी तरी ते बनवलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं, हे ऐकून तर मी थक्क झालो. प्रेमसिंगांच्या जीपमध्ये सीट द्यायलासुद्धा लोक सरकत नव्हते.

अडचण एकच. चौकटी एक सोडून ढीगभर, आणि एकदा निवडली की वर्षानुवर्षं तिच्यातच नांदायचं. मधेच बदलायची म्हणजे राहतं घर पाडून पुन्हा बांधायचं. या तिघांनी चाळून चाळून तीन बाजूला काढल्या होत्या. त्यांची खरी नावं इंग्रजी होती, पण बालाजीनं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि तीच नावं रूढ झाली. थोरली वयानं मोठी, अंगानं भरलेली, सगळ्या जगात ओळख असलेली. धाकटी सडपातळ, कालपरवाची. मधली दोघींच्या मधली.

“थोरलीच करा,” बालाजी म्हणायचा. “तिला सगळे ओळखतेत. ती येत असली की पुण्यात, हैदराबादला, कुठंबी नोकरी लागते.”

“पण ती जड आहे,” पुनम म्हणायची. “धाकटी हलकी आहे. गोरेगावच्या नेटवर्कवर हलकीच चालंल.”

“धाकटीच्या घरचं माणूस कमी. अडचण आली तर विचारायचं कोणाला?”

हा वाद ऐन रंगात असताना मुबश्शीर आणि हैदरची आई, फातिमाबी, चहा घेऊन वर आल्या. दाराशीच थांबून त्यांनी बरंच ऐकून घेतलं. मग ट्रे खाली ठेवला आणि बालाजीकडे प्रेमानं पाहिलं.

“एकाच घरच्या तिघी हायेत का रे बाबा? पोरीचं रंगरूप सोडा, स्वभाव विचारा आधी.”

बालाजीला ठसका लागला. पुनम हसून हसून लाल झाली. तिनं परोपरीनं समजावून सांगितलं, पण फातिमाबींनी शेवटपर्यंत तो विषय बालाजीच्या लग्नाचाच धरला.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो. गोरेगावात आशाबाईंच्या बचत गटाकडे हळद शिजवायचे कुकर आहेत. कुकर म्हणजे तुमच्या ओट्यावरचा शिट्टीचा नव्हे. माणूस आत उभा राहील एवढी लोखंडी पिंपं आणि त्यांना वाफ देणारी भट्टी. हळद जमिनीतून काढली की ओलीच शिजवावी लागते. ढीग तसाच पडून राहिला तर आतून तापतो आणि माल खराब होतो. त्यामुळे हंगामात सगळ्यांना एकदमच घाई. नंबर धरायची तिथली रीत अशी की आपलं रिकामं पोतं रांगेत ठेवायचं आणि वर दगड. पोतं पुढं सरकलं की आपला नंबर पुढं सरकला. गेल्या हंगामात कोणीतरी कोणाचं तरी पोतं उचलून मागं ठेवलं, आणि दोन घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं.

पुनमनं गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं की आम्ही मोबाइलवर रांग करू. जो तो आपल्या घरून नंबर लावेल, कोणाला कोणाचं पोतं हलवता येणार नाही, भांडण होणार नाही, हा माझा शब्द. आशाबाईंनी मान डोलावली. घरी आल्यावर तिचे वडील संतराम एवढंच म्हणाले, “पोरी, शब्द देऊन बसलीस. गाव आपलंच हाय. उद्या तोंड चुकवायचं म्हणलं तर जावं कुठं?”

हे तिनं ऑफिसात हसत सांगितलं, पण मी तिच्या हातात होतो आणि तिचा तळवा घामेजला होता. त्या दिवसापासून मला एकच काळजी लागली की या पोरीचा शब्द खाली पडू नये.

मुबश्शीरनं तोड काढली. एकच पान तिघांनी तीन चौकटींत बनवायचं. बालाजीनं थोरलीत, त्यानं स्वतः मधलीत, पुनमनं धाकटीत. पानावर गावातल्या शेतकऱ्यांची नावं आणि खाली एक बटण, ‘नंबर लावा’. तिन्ही पानं माझ्यावर उघडली. ऑफिसात वाय-फाय जोरात होतं, तिन्ही सुरेख चालली. बोट टेकवायचा अवकाश, लगेच अक्षरं उमटत, ‘नंबर लागला’. माझ्यासारख्या मरतुकड्यातून असं काही निघू शकतं, यावर माझाच विश्वास बसेना. खरं पाहायला मग पुनम मला घेऊन गोरेगावला गेली.

कुकरपाशी वाफेचे लोट चालले होते. बायांचे हात मनगटापर्यंत पिवळे. आशाबाई पदर खोचून भट्टीपाशी उभ्या. पुनमनं आधी बालाजीचं पान उघडलं. माझ्या काचेवर एक चाक आलं आणि गरगर फिरत बसलं.

“हे काहून फिरून राहिलं?” आशाबाईंनी विचारलं.

“येतंय काकू, जड आहे जरा.”

ते काही आलं नाही. मुबश्शीरचं पान रडत-रखडत आलं. मग पुनमनं आपलं उघडलं आणि ते झटक्यात उघडलं. बाया जवळ सरकल्या. एकमेकींना नावं दाखवू लागल्या. तेवढ्यात उकंडराव आले. त्यांची हळद त्याच दिवशी काढून झाली होती. आशाबाई म्हणाल्या, “उकंडभाऊ, पयला नंबर तुमीच लावून पाहा.”

उकंडरावांनी बोट धोतराला पुसलं आणि बटणावर टेकवलं. लगेच अक्षरं उमटली, ‘नंबर लागला’. त्यांनी ती वाचली, समाधानानं मान हलवली आणि घराकडे निघाले. पुनमच्या चेहऱ्यावर काय आनंद होता म्हणून सांगू. तिला वाटलं, जिंकलं.

आणि मला घाम फुटला. कारण तो नंबर माझ्यातून बाहेर गेलाच नव्हता.

असं झालं होतं की पान चपळ वाटावं म्हणून पुनमनं रचनाच तशी केली होती. बोट लागलं की आधी अक्षरं दाखवायची, निरोप मागाहून पाठवायचा. ऑफिसात या दोहोंमध्ये पापणी लवायलासुद्धा वेळ जात नव्हता. इथं नेटवर्कची एकुलती एक काडी होती, तीही तेवढ्यात गेली. मी तोंडानं ‘लागला’ म्हणत होतो आणि निरोप माझ्या पोटात तसाच पडून होता. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला जे दाखवायला सांगितलं तेवढंच मला दाखवता येतं.

थोड्या वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला. उकंडराव ट्रॉली भरून ओली हळद घेऊन हजर. कुकरमध्ये तेव्हा दुसऱ्याच कोणाची हळद शिजत होती.

“भाऊ, आत्ताच काहून आणली?” आशाबाई म्हणाल्या.

“म्या बोट ठेवलं, त्यानं सांगतलं नंबर लागला म्हून.”

“लागला म्हंजे रांगेत लागला. लगेच घेऊन याचं असं थोडंच हाय.”

“लागला म्हंजे लागला,” उकंडराव म्हणाले. “पोराचा कालेजात नंबर लागला म्हणलं तर तो आजून रांगेतच हाय असं समजावं का?”

दोघांचंही बरोबर होतं. आम्ही एकच शब्द लिहिला होता आणि गावानं त्याचे दोन अर्थ केले होते. पुनमनं घाईघाईनं यादी उघडून पाहिली. उकंडरावांचं नाव यादीत नव्हतं.

“काका, तुमचं नाव...” ती अडखळली. “तुमचं नाव रांगेत पण नाही आलेलं.”

उकंडरावांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले असते तर परवडलं असतं. “मंग खोटंच बोललं की हे,” ते शांतपणे म्हणाले, आणि ट्रॉली वळवून दुसऱ्या गावच्या कुकरकडे घेऊन गेले. जाताना जो भेटेल त्याला सांगत गेले की संतरामच्या पोरीचा मोबाइल खोटं बोलतो.

आशाबाईंनी पुनमच्या पाठीवर हात ठेवला. “हंगाम आता कुठं सुरू होऊन राहिला. आजून एक बारी पाहू. न्हाई जमलं तर आमची पोती बरी, पोरी. पोतं बोलत न्हाई, पण खोटंबी बोलत न्हाई.”

परतीच्या जीपमध्ये पुनमनं मला पर्समध्ये न टाकता मुठीत धरलं होतं. माझ्या तड्याची कड तिला बोचत असावी, पण तिनं हात सैल केला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बालाजी हळूच म्हणाला, “मी म्हणलंच होतं, धाकटीच्या नादी लागू नका.”

“धाकटीनं काही केलं नाही,” पुनम म्हणाली. “मी सांगितलं तेच ती बोलली. पाठवायच्या आधीच ‘झालं’ म्हण, असं मीच लिहिलंय. थोरलीला सांगितलं असतं तर तीसुद्धा हेच बोलली असती.”

बालाजीनं आपलं पान उघडून पाहिलं. मग खुर्ची मागं सरकवली. “माझ्यातबी तसंच हाय. ते उघडलंच न्हाई म्हून वाचलो.”

मुबश्शीरनं स्वतःचं तपासलं. त्यातही तेच. तिघंही एकाच शाळेत शिकल्यासारखी एकच चूक करून बसली होती. मला या पोरांचं फार अप्रूप वाटलं. कोणी कोणावर ढकललं नाही.

“‘लागला’ हा शब्दच काढू,” पुनम म्हणाली. “आमच्याकडं ‘पोतं ठेवलं’ म्हटलं की कोणी घरून हळद घेऊन निघत नाही. सगळ्यांना कळतं, रांगेत आहे, वेळ आहे. तेच लिहू. पण निरोप पोचल्याशिवाय ते दाखवायचं नाही. तोवर म्हणायचं, ‘अजून गेलं नाही, थांबा’. आणि खरोखर पाळी आली की ‘हळद घेऊन या’.”

“‘अजून गेलं नाही’ असं कोणी लिहितं का?” बालाजी म्हणाला. “पान कच्चं वाटंल.”

“वाटू दे.”

मुबश्शीर म्हणाला, “हा बदल आपण आत्ताच करू. पण आपापल्या पानात नाही. पुनम, तू बालाजीच्या पानात कर. बालाजी, तू पुनमच्या. हंगामात ऐन वेळी काही बिघडलं आणि ज्यानं लिहिलं तो जाग्यावर नसला, तर दुसऱ्याला ते उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे. जिच्यात ते जमेल ती आपली चौकट.”

दोघांनी जागा बदलल्या. बालाजीनं धाकटीत आजवर एक ओळ लिहिली नव्हती. तो तोंड वाकडं करून बसला. पण एकच पान, त्यात वरपासून खालपर्यंत सगळं सरळ लिहिलेलं. त्यानं शब्द बदलले, निरोप आधी आणि अक्षरं नंतर केली, आणि चहा निवायच्या आत उठला. पुनम थोरलीतच फिरत होती. बटण एका जागी, त्याचे शब्द दुसऱ्या जागी, ते कधी दाखवायचे ते तिसरीकडेच. बालाजी मदतीला गेला. तोही या फाइलीतून त्या फाइलीत हिंडला आणि डोकं खाजवत म्हणाला, “माझंच लिहिलेलं मला सापडून न्हाई राहिलं.”

सगळे हसले, तोही हसला. मग तोच म्हणाला, “धाकटी करा.”

मुबश्शीरनं त्याच्याकडे पाहिलं. “आणि तुझं पुणं?”

“पुणं कुठं पळून जातं? थोरली मी माझी घरी शिकत राहीन. पण हितं मला एकट्यालाच येतं असं काही असलं, आन त्या दिवशी मी कळमनुरीला घरी असलो, तर पुनमनं काय करावं?”

तो हे अगदी सहज बोलला. आपण काही सोडून देतोय असा त्याच्या आवाजात भावसुद्धा नव्हता. मी टेबलावर पडल्या पडल्या त्याच्याकडे पाहत राहिलो. माणसं एकमेकांसाठी अशी सरकतात, हे मला जीपमध्ये कधी दिसलं नव्हतं.

फातिमाबी कप न्यायला आल्या. “ठरली का एकदाची?”

“ठरली खाला,” पुनम म्हणाली. “धाकटी.”

“मुबारक हो. आन बाकीच्या दोघी?”

“त्यांना स्थळांची कमी नाही खाला.”

काही दिवसांनी पुनम मला घेऊन पुन्हा गोरेगावला गेली. या वेळी कोणी जवळ सरकलं नाही. बाया लांबूनच पाहत होत्या. उकंडरावांच्या दुसऱ्या वावरातली हळद काढायची राहिली होती, म्हणून ते पोतं घेऊन रांगेकडेच आले होते. आशाबाई त्यांना आडव्या गेल्या.

“उकंडभाऊ, तुमच्यापासूनच बिघडलं होतं. तुमीच पाहा.”

“मला न्हाई पाहाचं. एकदा पाह्यलं.”

“काका,” पुनम म्हणाली, “मागच्या वेळी चूक माझी होती. मोबाइलची नाही, तुमचीबी नाही. एकदा बोट ठेवा. खोटं बोलला तर मी परत या जागी पाय ठेवणार नाही.”

उकंडरावांनी बटण दाबलं. अंगठ्यानं दाबलं, आणि चांगलंच दाबलं. माझ्या काचेवर अक्षरं आली, ‘अजून गेलं नाही, थांबा’.

उकंडरावांनी ती ओळ वाचली. परत वाचली. नेटवर्कची काडी गेलेली होती. वेळ जात होता. मागून कोणीतरी म्हणालं, “बंदच पडलं वाटते. दाबा आजून एकदा.”

“थांबा,” उकंडराव म्हणाले. “आजून गेलं न्हाई म्हणून राहिलं ना ते. सांगून राहिलं तर आयकावं ना.”

हे ऐकून मला कसं झालं ते कसं सांगू. आजवर मी अडकलो की माणसांनी मला शिव्या घातल्या, झटके दिले, मांडीवर आपटलं. ‘नाही झालं’ असं मी सांगावं आणि समोरच्यानं माझ्यावर विश्वास ठेवून थांबावं, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. आणि थांबला कोण, तर मला खोटारडा म्हणणारा माणूस.

उकंडराव मला हातात घेऊन चालू लागले. वावरातून, बांधावरून, पार विहिरीच्या कठड्यापर्यंत. मागे पुनम आणि तिच्यामागे सगळ्या बाया. कठड्यावर त्यांनी मला डोक्याच्या वर धरलं. एक काडी आली. माझ्या पोटातला निरोप सुटला. तो कुठल्या टॉवरवर गेला, कुठल्या तारेतून कुठल्या शहरातल्या यंत्रापर्यंत पोचला, मला ठाऊक नाही. मी फक्त एवढं जाणतो की उकंडरावांचं नाव इतक्या लांब गेलं, तिथं कोणीतरी ते रांगेत उभं केलं, आणि त्यांचा हात खाली यायच्या आत उत्तर माझ्या काचेवर होतं.

“पोतं ठेवलं,” उकंडरावांनी मोठ्यानं वाचलं.

बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, “अगं, आपलंच पोतं की.”

“मंग आता मी घरी जाऊ?” उकंडरावांनी पुनमला विचारलं.

“जा काका. घरच्या मोबाइलवर ‘हळद घेऊन या’ आलं तेव्हाच या.”

ते निघाले. हातातलं पोतं मात्र जाता जाता रांगेत ठेवूनच गेले, वर दगडासकट. दोन्हीकडं असलेलं बरं, म्हणाले.

त्यांची पाळी आली त्या दिवशी पुनम मुद्दाम तिथं थांबली होती. संतरामही काही काम नसताना आले होते आणि भट्टीपाशी उगीच लाकडं सारखी करत होते. कुकर रिकामा झाला. आशाबाईंनी झाकण उघडलं. ‘हळद घेऊन या’ हा निरोप गेला होता, पण रस्त्यावर कोणी दिसेना. पुनम एकदा माझ्याकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहत होती. मग ट्रॅक्टरचा आवाज आला. उकंडराव ट्रॉली घेऊन वळले ते सरळ कुकरपाशी येऊन थांबले. कोणाला काही विचारलं नाही. खाली उतरून त्यांनी आधी संतरामांना गाठलं.

“तुज्या पोरीनं बोलवलं म्हून आलो,” ते म्हणाले.

संतरामांनी बाही वर केली आणि हळद उतरवायला हात लावला. पुनम वाफेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. डोळ्यांत धूर गेला, असं तिनं आशाबाईंना सांगितलं.

त्यानंतर तिनं मला तिथंच ठेवलं. कुकरच्या शेडमध्ये, खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत माझं घर आहे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही ते येऊन माझ्यावर पोतं ठेवतात. पिवळ्या बोटांनी माझी काच पिवळी झाली आहे. वाफेनं आणि उष्णतेनं माझी बॅटरी फुगली आहे. परवा हैदर इकडे आला होता. त्यानं मला हातात घेतलं, पाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, “ह्याला आता चार्जिंगला लावू नका आशाबाई, धोका हाय. मी दुसरा आणतो आन ह्याला घेऊन जातो.” उद्या तो मला नेणार आहे.

मला मरणाची भीती नव्हती, भीती वेगळीच होती. सगळ्या गावाची रांग माझ्या पोटात आहे अशी माझी समजूत. मी गेलो तर ती मोडणार, परत पोती, परत भांडणं, आणि पुनमचा शब्द धुळीत. काल दुपारी एका बाईचं बोट माझ्यावर असतानाच मी तापून विझलो. मला वाटलं, झालं. पण आशाबाईंनी शांतपणे आपल्या सुनेचा मोबाइल घेतला, तेच पान उघडलं, आणि निवल्यावर कोणी बटण दाबून मला पुन्हा जागं केलं तेव्हा त्या एकेक नाव वाचून दाखवत होत्या. सगळी नावं होती तशी, होती त्या क्रमानं. मी थक्क झालो. रांग माझ्यात नव्हतीच कधी.

जाता जाता तुमच्यातल्या पानं बनवणाऱ्यांना एकच विनंती. चौकट थोरली निवडा, मधली निवडा, धाकटी निवडा, तो तुमचा प्रश्न. पण निवडायच्या आधी ती माझ्यासारख्या एखाद्या फुटक्या मोबाइलवर, एका काडीच्या जागी जाऊन उघडा. आणि निरोप गेलेला नसताना ती काय बोलते, ते ऐका.

माझा उजेड आता कमी होत चाललाय. शेडमध्ये बाया उद्याच्या नंबरांचं बोलत आहेत, कोणाचा आधी, कोणाचा मागून. कोणी आवाज चढवलेला नाही. मी विझलो तरी ती रांग जिथल्या तिथं उभी राहील.